प्रश्न आपल्याला विचारला जातो तेव्हा

प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम घरात लागलेला असला की एक गोष्ट हमखास घडते. ज्याचा त्या कार्यक्रमाशी काडीचाही संबंध नाही, जो दुसऱ्याच कामासाठी त्या खोलीतून चाललेला आहे, असा माणूसही पडद्यावर प्रश्न उमटताच दारात थबकतो, चारही पर्याय वाचतो आणि स्वतःशीच पुटपुटतो, ‘ब. ब असणार.’ त्याला कोणी विचारलेले नसते. उत्तर बरोबर आले तरी बक्षीस मिळणार नसते आणि चुकले तरी खिशातून काही जाणार नसते. तरीही खरे उत्तर कळेपर्यंत त्याचा पाय तिथून निघत नाही. ही ओढ नेमकी कशाची, याचा मी बरीच वर्षे विचार करत आले आहे, कारण सोलापूरच्या पूर्व भागातील आमच्या गणेशोत्सव मंडळात दर वर्षी एका संध्याकाळी प्रश्नमंजूषा होते आणि तिचे प्रश्न काढण्याचे काम माझ्याकडे असते.

माहिती मिरवण्याची हौस हे या आकर्षणाचे कारण असल्याचे सर्रास सांगितले जाते. मला ते पुरेसे वाटत नाही. मिरवायला समोर कोणीतरी लागते. एसटीच्या खिडकीशी बसून मोबाईलवर एकटाच प्रश्नांची उत्तरे देणारा माणूस कोणापुढे मिरवत असतो? माझ्या मते एरवी ज्यांना कोणी काही विचारत नाही, त्यांना हे खेळ विचारतात, आणि या खेळांची खरी गोडी तिथे आहे. शाळा सुटली की बहुतेकांच्या आयुष्यातून असे प्रश्न जवळजवळ हद्दपार होतात. पुढे आपल्याला हिशेब विचारला जातो, उशीर का झाला ते विचारले जाते, पगार किती आणि लग्न कधी हेही विचारले जाते. परंतु ‘तुम्हाला काय ठाऊक आहे?’ असे कोणी विचारत नाही. वर्षानुवर्षे वाचलेले, ऐकलेले, प्रवासात पाहिलेले, वर्तमानपत्राच्या पुडीवर नजरेस पडलेले कितीतरी आत साठून राहते आणि त्याला बाहेर यायला वाटच मिळत नाही. टीव्हीवरचा एखादा प्रश्न ती वाट अचानक मोकळी करून देतो.

‘कौन बनेगा करोडपती’ ३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर सुरू झाले, त्या काळाची आठवण माझ्या वयाच्या प्रत्येकाला असेल. सोमवार ते गुरुवार, रात्री नऊ वाजता. आमच्या गल्लीत त्या सुमारास ओट्यावरच्या गप्पा आवरत्या घेतल्या जात आणि उघड्या खिडक्यांतून एकच धून सगळीकडून ऐकू येई. मूळ कार्यक्रम ब्रिटनचा, १९९८ च्या सप्टेंबरात तिथे सुरू झालेला. पण त्याची रचना इतकी विचारपूर्वक केलेली होती की ती जगात कुठेही रुजली असती. पहिला प्रश्न एक हजार रुपयांचा आणि तो बहुधा कोणालाही येणारा. पैसे सहज मिळावेत एवढाच त्याचा उद्देश नव्हता. घरी बसलेला प्रेक्षक त्या सोप्या प्रश्नांची उत्तरे खेळाडूच्या आधी देतो, दहा हजारांच्या पडावापर्यंत जवळजवळ बरोबरीने येतो, आणि प्रश्न अवघड होऊ लागतात तेव्हा तो आधीच खेळात पुरता उतरलेला असतो. चार पर्याय समोर मांडण्यातही असेच शहाणपण आहे. उत्तर मुळातून आठवण्यापेक्षा समोर दिसलेले ओळखणे मनाला सोपे जाते, त्यामुळे ‘हे मला माहीत होते’ असे वाटण्याचे सुख चार पर्यायांमुळे पुष्कळ अधिक लोकांच्या वाट्याला येते.

त्या पहिल्या पर्वात आणखी एक गोष्ट होती, जिचे मोल मला नंतर कळले. खेळाडूला विचार करायला वेळ मिळत असे. तो मोठ्याने बोलत बोलत एकेक पर्याय बाद करी, एखाद्या पर्यायापाशी अडखळे, शाळेतल्या एखाद्या धड्याचा धागा पकडे, आणि घराघरांत लोक त्याच्याबरोबर तोच विचार करत असत. दुसऱ्याचे मन काम करताना बघण्याची संधी एरवी आपल्याला कुठे मिळते? क्रिकेटमध्ये फलंदाजाचे पाय दिसतात; इथे माणसाची विचार करण्याची चाल दिसत होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात हर्षवर्धन नवाथे या मुंबईच्या मराठी तरुणाने पंधराही प्रश्नांची उत्तरे देऊन एक कोटी जिंकले, तेव्हा आमच्याकडे झालेला आनंद केवळ रकमेचा नव्हता. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा, आपल्यासारखाच अभ्यास करून, सगळ्या देशासमोर शांतपणे विचार करताना दिसला होता.

या कार्यक्रमाच्या आधीही आपल्याकडे प्रश्नमंजूषेची परंपरा होती, हे नव्या पिढीला सांगायला हवे. बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट १९७२ पासून रेडिओवर होते. हमीद सयानी आणि त्यांच्या निधनानंतर अमीन सयानी ते सादर करत. १९८५ मध्ये सिद्धार्थ बसू यांचे ‘क्विझ टाइम’ दूरदर्शनवर आले. मात्र हे कार्यक्रम इंग्रजी शाळा-महाविद्यालयांच्या जगातले होते. त्यात हुशार मुले बजर दाबत आणि आपण कौतुकाने बघत असू. २००० साली बघणाऱ्यालाच प्रश्न विचारला जाऊ लागला, आणि तोही त्याला समजेल अशा भाषेत.

प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या काही सेकंदांत मनात काय घडते, यावर मानसशास्त्रात चांगले काम झालेले आहे आणि प्रश्न काढणाऱ्या प्रत्येकाने ते थोडेफार समजून घ्यावे असे मला वाटते. जॉर्ज लोवेनस्टाइन या अमेरिकी अभ्यासकाने १९९४ मध्ये असे मांडले की, आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत व्हावेसे वाटते, त्यांच्यातील अंतर जाणवले की कुतूहल जागे होते. ज्या विषयाचे आपल्याला काहीच माहीत नाही, त्याविषयी ते जागे होत नाही. थोडे माहीत असावे लागते. म्हणूनच सर्वस्वी अपरिचित विषयावरचा प्रश्न प्रेक्षक थंडपणे सोडून देतो आणि अर्धवट ओळखीच्या विषयावरचा प्रश्न त्याला बेचैन करतो. ‘अगदी जिभेवर आहे, पण ओठांवर येत नाही’ ही अवस्था तर सगळ्यांच्या परिचयाची. १९६६ मध्ये ब्राउन आणि मॅक्नील या दोघांनी तिचा अभ्यास केला तेव्हा असे दिसले की, शब्द आठवत नसतानाही लोकांना त्याचे पहिले अक्षर आणि त्यात किती उच्चारखंड आहेत हे बऱ्याचदा बरोबर सांगता येते. म्हणजे उत्तर आत असते आणि ते असल्याची आपल्याला खात्रीही असते.

२००९ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात लोकांना सामान्य ज्ञानाचे प्रश्न दाखवून त्यांच्या मेंदूचे चित्रण केले गेले. ज्या प्रश्नांचे कुतूहल अधिक होते, ते वाचताना मेंदूतला बक्षिसाच्या अपेक्षेशी निगडित असलेला भाग अधिक सक्रिय झाला. २०१४ मधला प्रयोग मला त्याहून विलक्षण वाटतो. उत्तर येण्याआधीच्या काही सेकंदांत सहभागी लोकांना एका अनोळखी माणसाचा चेहरा दाखवला गेला, ज्याचा प्रश्नाशी काहीही संबंध नव्हता. प्रश्नाची उत्सुकता जास्त असताना दाखवलेले चेहरे लोकांच्या अधिक चांगले लक्षात राहिले. एका प्रश्नाने उघडलेल्या दारातून शेजारची गोष्टही आत येते, असा त्याचा अर्थ. आणखी एक निष्कर्ष २००१ मधला आहे: जे चुकीचे उत्तर आपण अगदी ठामपणे देतो, त्याची दुरुस्ती आपल्या मनात अधिक पक्की बसते. भर मांडवात छातीठोकपणे चुकीचे उत्तर देणारा मुलगा खरे उत्तर जन्मभर विसरत नाही, हे मंडळात दर वर्षी दिसते. त्यामागचे कारण वाचून मला फार समाधान वाटले.

आमच्या घरी ‘कौन बनेगा करोडपती’ लागले की सासूबाई मागे पलंगावर बसलेल्या असत. विज्ञान, खेळ, राजकारण असे विषय सुरू असताना त्या काही बोलत नसत. एकदा रामायणावरचा प्रश्न आला, भरताच्या पत्नीचे नाव काय? घरातले शिकलेले सगळे एकमेकांकडे बघू लागले. कोणी ऊर्मिला म्हणाले, कोणाला काही सुचेना. सासूबाईंनी मागून शांतपणे सांगितले, ‘मांडवी. आणि शत्रुघ्नाची श्रुतकीर्ती.’ त्या दिवसापासून पुराणांचा प्रश्न आला की नातवंडांच्या माना आपोआप पलंगाकडे वळू लागल्या. आयुष्यभर कीर्तने ऐकून जमवलेली ही संपत्ती त्यांच्यापाशी होतीच. घरात ती कोणी मागितली नव्हती.

हाच अनुभव मंडळात मोठ्या प्रमाणावर येतो. आमचा पूर्व भाग मागांचा. चादरी आणि टॉवेल विणणारे, विड्या वळणाऱ्या बायका, त्यांची शिकणारी मुले असे सगळे मांडवात एकत्र बसतात. कोणी मराठी बोलते, कोणी तेलुगू, कोणी कन्नड, कोणी उर्दू. एका वर्षी मी प्रश्न काढला होता: ‘संगणकाच्या इतिहासात सुरुवातीलाच एका फ्रेंच माणसाचे नाव येते आणि तेच नाव आपल्या भागातल्या कारखान्यांत रोज घेतले जाते. ते नाव कोणते?’ पुढे अभियांत्रिकीच्या मुलांचा गट बसला होता. त्यांनी पास्कल म्हणून पाहिले, नंतर गप्प झाले. वेळ संपत आली तेव्हा मागच्या रांगेतून एका गृहस्थांचा आवाज आला, ‘जेकार्ड.’ पांढरा सदरा घातलेले, साठीच्या पुढचे, आयुष्य चादरीच्या कारखान्यात काढलेले. उत्तर बरोबर असल्याचे सूत्रसंचालकाने सांगितल्यावर पोरांनी त्यांना आग्रहाने पुढे आणले आणि माईक हातात दिला.

त्यांनी मग जे सांगितले ते मी कोणत्याही पुस्तकातून इतक्या सोपेपणाने सांगू शकले नसते. मागाच्या वर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. पुठ्ठ्यात भोक असेल तिथे सुई आत जाते आणि तिच्याशी जोडलेला ताण्याचा दोरा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे दोरा खालीच राहतो. उचललेल्या आणि न उचललेल्या दोऱ्यांच्या मधून बाण्याचा धागा जातो आणि एक ओळ विणली जाते. ‘नक्षी मागात नसते, पुठ्ठ्यात असते. पुठ्ठे बदला, नक्षी बदलते,’ असे म्हणून ते थांबले. जोसेफ मारी जेकार्ड याने १९ व्या शतकाच्या सुरुवातीला तयार केलेल्या या मागावरूनच चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाला आपल्या गणनयंत्राला भोकांच्या पुठ्ठ्यांनी आज्ञा देण्याची कल्पना सुचली, हे मी फक्त पुढे जोडले. भोक आहे किंवा नाही, या दोनच गोष्टींवर सगळे चालते हे ऐकल्यावर संगणकाच्या मुलांच्या चेहऱ्यांवर जो प्रकाश पडला, तो पाहण्यासाठी मी असे शंभर प्रश्न आनंदाने काढीन. त्या गृहस्थांना त्यांच्या कामाविषयी इतक्या लोकांसमोर यापूर्वी कोणी काही विचारले असेल, असे मला वाटत नाही.

काही प्रश्नांची उत्तरे एकट्याकडे नसतात, ती सगळ्यांच्यात वाटलेली असतात. सोलापुरात स्वातंत्र्यलढ्यातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून आपण रोज जातो, पण ती चार नावे कोणती, हे विचारले तर एका दमात सांगणारा क्वचितच भेटतो. हा प्रश्न मी एकदा कोणत्याही गटाला न देता सगळ्या मांडवाला दिला. मल्लप्पा धनशेट्टी हे नाव लगेच आले. कुर्बान हुसेन हे नाव एका मुलाने उभे राहून सांगितले. जगन्नाथ शिंदे हे नाव बायकांच्या बाजूने आले. चौथे नाव मात्र कोणाला आठवेना, आणि त्या वेळी मांडवात जी चुळबुळ सुरू झाली ती शब्दांत सांगता येणार नाही. लोक डोळे मिटून, कपाळ चोळून आठवत होते. अखेर एका शाळकरी मुलीने ‘श्रीकिसन सारडा’ म्हटले आणि मांडवाने टाळ्या वाजवल्या. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात या चौघांना फाशी झाली. हे त्या दिवशी मी केवळ वाचून दाखवले असते तर ऐकून लोक चहाला उठले असते. नावे त्यांनी स्वतः शोधून आणली होती, म्हणून तारीख सांगताना मांडवात सगळे स्तब्ध होते.

असे अनुभव घेतल्यावर प्रश्न काढण्याचे काम किती जबाबदारीचे आहे ते उमगते. ज्याचे उत्तर फक्त पाठ असले तरच येते, तो प्रश्न मला कमअस्सल वाटतो. चांगल्या प्रश्नात दोन-तीन धागे सोडलेले असावेत, म्हणजे नाव ठाऊक नसलेला माणूसही विचार करत उत्तराच्या जवळ जाऊ शकतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस कुठे जन्मले, असे सोलापुरात विचारण्यात अर्थ नाही. त्याऐवजी असे विचारावे: ‘१९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टर युद्धग्रस्त चीनला गेले. त्यांतले एक तिथेच राहिले, त्यांनी चिनी परिचारिकेशी विवाह केला, मुलाच्या नावात भारत आणि चीन या दोन्ही देशांच्या नावांची अक्षरे गुंफली आणि १९४२ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. ते कोण?’ यातला एखादा तपशील एकाला ठाऊक असतो, दुसरा दुसऱ्याला. आणि उत्तर आल्यावर आपल्याच गावच्या माणसाकडे नव्याने पाहिले जाते. याउलट मंत्र्यांची खाती, ‘सर्वांत मोठे’ आणि ‘सर्वांत लांब’ असे प्रश्न मी टाळते, कारण त्यांची उत्तरे बदलतात किंवा मोजणाऱ्यागणिक वेगळी निघतात, आणि वाद झाला की खेळाची सगळी रया जाते.

आपल्या महाराष्ट्रात सामान्य ज्ञानाला आणखी एक ओझे वाहावे लागते. तलाठी भरती, पोलीस भरती, राज्यसेवा यांच्यासाठी सोलापुरातल्या अभ्यासिकांमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत शेकडो मुले हेच पाठ करत असतात: कोणती नदी कुठे उगम पावते, कोणता दिन कधी असतो, कोणाला कोणता पुरस्कार मिळाला. त्यांच्या दृष्टीने प्रश्न ही वाट अडवणारी गोष्ट आहे. एका चुकीने यादीतून नाव गळते आणि वर्ष जाते. त्यामुळे ही मुले मंडळाच्या प्रश्नमंजूषेत यायला सुरुवातीला नाखूश असतात. पण आली, की रमतात. तेच ज्ञान, पण इथे चुकल्याने काही बिघडत नाही, शिवाय उत्तरामागची गोष्ट ऐकायला मिळते. ‘परीक्षेसाठी नुसते नाव पाठ केले होते, हे काय आहे ते आज कळले,’ असे त्यांच्यापैकी एका मुलीने मला सांगितले होते. शिकण्यातला आनंद परीक्षेने हिरावून घेतला असेल, तर तो परत देण्याची ताकद या खेळात आहे, असे माझे ठाम मत आहे.

मराठीत ‘कौन बनेगा करोडपती’ २०१३ मध्ये ‘कोण होईल मराठी करोडपती’ या नावाने ईटीव्ही मराठीवर आला, सचिन खेडेकर यांच्या सूत्रसंचालनात. २०१९ मध्ये सोनी मराठीवर ‘कोण होणार करोडपती’ सुरू झाले तेव्हा प्रश्न विचारणाऱ्याच्या खुर्चीत करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे होते. आमच्या जिल्ह्याचा माणूस, आमच्याच बोलीच्या वळणाने, समोरच्याला निवांत बोलते करत होता, याचा सोलापूरकरांना फार अभिमान वाटला. त्याच वर्षी हिंदी कार्यक्रमात अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी एक कोटी जिंकले. त्या शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवत आणि त्यांना महिना दीड हजार रुपये मिळत. त्यांना खिचडी कशी होते हे रोज विचारले जात असेल. त्या सतत वाचत होत्या आणि त्यांना एवढे सारे ठाऊक होते, हे देशाला कळले ते त्यांना प्रश्न विचारला गेल्यावर. या खेळाविषयी मला जे म्हणायचे आहे त्याचे याहून चांगले उदाहरण मला सापडत नाही.

प्रश्न मात्र प्रामाणिकपणे विचारलेला असला पाहिजे. १९५० च्या दशकात अमेरिकेत ‘ट्वेंटी-वन’ नावाचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम तुफान लोकप्रिय होता. प्रेक्षकांचा लाडका झालेला विजेता चार्ल्स व्हॅन डोरेन हा विद्यापीठातला अध्यापक. पुढे उघड झाले की त्याला उत्तरे आधीच पुरवली जात होती आणि त्याच्या आधीच्या विजेत्याला, हर्बर्ट स्टेम्पेलला, ठाऊक असलेले उत्तर मुद्दाम चुकवायला सांगितले होते. व्हॅन डोरेनने १९५९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सगळे कबूल केले आणि १९६० मध्ये असे संगनमत गुन्हा ठरवणारी कायदेशीर तरतूद झाली. एका करमणुकीच्या कार्यक्रमासाठी एवढे का व्हावे, असे कोणाला वाटेल. मला ते स्वाभाविक वाटते. घरी बसलेली माणसे खरोखर विचार करत होती, कपाळाला आठ्या घालून आठवत होती, आणि त्या कार्यक्रमात खेळाडूला ज्या काचेच्या खोलीत बसवत, तिथे घाम पुसणारा माणूस आठवण्याचे नाटक करत होता. त्यांच्या खऱ्या श्रमाची ती फसवणूक होती.

मोबाईलवरच्या खेळांकडे मी याच कसोटीने पाहते. २०१३ मध्ये आइसलँडच्या एका कंपनीने आणलेल्या क्विझअपमध्ये शेकडो विषय होते आणि जगातल्या कोणाही अनोळखी माणसाशी त्या विषयावर सामना खेळता येई. आपल्याला आवडणारा एखादा अगदी आडबाजूचा विषय दूरदेशीच्या कोणालातरी तितकाच आवडतो, हे कळण्यात मोठा दिलासा होता. २०१७ मध्ये अमेरिकेत एचक्यू ट्रिव्हिया आले: ठरलेल्या वेळी थेट प्रक्षेपण, बारा प्रश्न, प्रत्येकाला दहा सेकंद, एक चुकला की बाहेर. ऐन भरात एका वेळी वीस लाखांहून अधिक लोक ते खेळत होते. आपल्याकडेही २०१८ मध्ये त्याच धर्तीवर लोको आणि ब्रेनबाझी आली आणि कार्यालयांत, वसतिगृहांत दुपारी-रात्री लोक मोबाईलभोवती कोंडाळे करू लागले. सगळे एकाच क्षणी एकाच प्रश्नाशी झटत आहेत, ही जाणीव हे त्या खेळांचे मोठे बळ होते. ती लाट दोन-तीन वर्षांत ओसरली, तरी वेळेवर जमण्याची ती कल्पना मला आजही उत्तम वाटते.

दहा सेकंदांची मर्यादा मात्र मला खटकते. इंटरनेटवर उत्तर शोधायला सवड मिळू नये म्हणून ती घातलेली असते, हे समजते. पण त्यामुळे विचार करण्यालाही सवड राहत नाही. ज्याला उत्तर आधीच माहीत आहे तोच टिकतो. धागे जुळवत उत्तरापर्यंत जाणारा माणूस, म्हणजे आमच्या मागच्या रांगेत बसलेले ते गृहस्थ, अशा खेळात पहिल्याच फेरीत बाद होतील. उत्तर आल्यावर पुढचा प्रश्न लगेच अंगावर येतो, म्हणून उत्तरामागची गोष्ट सांगितलीच जात नाही, आणि ज्या क्षणी मन सर्वांत जास्त ऐकायला तयार असते तो क्षण वाया जातो. प्रयोगांनी जे दाखवले आहे ते लक्षात घेतले तर ही नासाडी फार मोठी आहे.

पैसे लावून खेळायच्या प्रश्नमंजूषांबद्दल माझे मत याहून कडक आहे. केंद्र सरकारने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. त्यावर पुष्कळ वाद झाला, परंतु प्रश्नमंजूषेपुरते बोलायचे तर मला ती बंदी योग्य वाटते. ‘मला हे माहीत नाही’ असे निर्धास्तपणे म्हणता येणे हा या खेळाचा प्राण आहे. शुल्क भरून बसलेल्या माणसाला ते म्हणता येत नाही, कारण प्रत्येक ‘माहीत नाही’ला त्याचे पैसे जातात. मग त्याला पुढच्या प्रश्नाचे कुतूहल उरत नाही, फक्त गेलेले भरून काढण्याची घाई उरते.

मराठीतून, आपल्या गावांच्या आणि कामांच्या माहितीवर उभा असलेला, विचाराला वेळ देणारा आणि प्रत्येक उत्तरानंतर दोन-चार वाक्यांत त्याची गोष्ट सांगणारा एखादा ऑनलाइन खेळ निघाला, तर तो नक्की चालेल. पंढरपूरची वारी, उजनीच्या जलाशयात उतरणारे रोहित पक्षी, नान्नजचा माळढोक, सिद्धेश्वरांच्या यात्रेतले नंदीध्वज, टॉवेलवरचे सुताचे लूप कसे पडतात, खरिपात काय पेरतात आणि रब्बीत काय, अशा प्रश्नांची उत्तरे देणारे लाखो लोक आपल्याकडे आहेत आणि त्यांच्या हातात मोबाईलही आहेत. असा खेळ करणाऱ्यांनी प्रश्न फक्त पुस्तकांतून न काढता माणसांकडून गोळा करावेत, ते दोन ठिकाणी पडताळून घ्यावेत आणि उत्तर देणाऱ्याला निदान मिनिटभर तरी द्यावा.

आमच्या मंडळापुरते आम्ही हे यंदापासून सुरू करत आहोत. मागावरच्या कामगारांकडून, दवाखान्यातल्या परिचारिकांकडून, भाजी मंडईतल्या बायकांकडून आणि रिक्षाचालकांकडून त्यांच्या कामातले प्रश्न मागवायचे, प्रश्न देणाऱ्यालाच उत्तरानंतर माईक द्यायचा आणि त्यासाठी प्रश्नांची एकूण संख्या कमी करायची, असा प्रस्ताव मी बैठकीत मांडला. वेळ लांबेल, दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, अशी शंका काहींनी काढली. त्यावर कार्यक्रम तासभर आधी सुरू करायचे ठरले आणि प्रस्ताव मान्य झाला.